बिनचाकाची सुगडं

सुगंधाबाई कुंभारीण होत्या, पण कुंभाराच्या चाकाला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. मला हे कळलं तेव्हा मी चक्क हसले. म्हटलं, शिंप्याच्या बायकोनं सुईला शिवायचं नाही, असं कुठं असतं का? त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचे काही दिवस मी त्यांच्या दारावरून मान खाली घालून जात होते.

बोईसरच्या कुंभारआळीत आम्ही भाड्यानं राहायचो. माझे यजमान तारापूरच्या अणुकेंद्राच्या बांधकामावर सुपरवायझर, आणि मी शाळेत मास्तरीण. आमच्या आणि सुगंधाबाईंच्या घरात एकच कुडाची भिंत होती. त्यामुळे त्यांची भांडणं आम्हाला फुकटात ऐकू यायची आणि आमची त्यांना. बाई तोंडानं तिखट. सकाळी मिश्री लावायला ओट्यावर बसल्या, की रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाचा हिशेब चुकता करायच्या. पण कामाला वाघीण. कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येणारच म्हणतात. ही लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी टोपली घेऊन राख आणायला गेली होती, असं आळीत सांगायचे.

माती आणायची, चाळायची, तुडवायची. नवऱ्यानं चाकावरून उतरवलेलं मडकं थापटण्यानं ठोकून ठोकून मोठं करायचं, गेरू द्यायचा, भाजायच्या भट्टीचा आवा रचायचा, भाजलेला माल डोक्यावर घेऊन गावभर हिंडायचं. हे सगळं बाईचं. चाक तेवढं पुरुषाचं. चाक महादेवाचं आहे, बाई शिवली तर आव्यातली मडकी फुटतात.

"कोणाची फुटली?" मी एकदा विचारलं.

"कोनी शिवलीच नाय, तं फुटतील कशी?" त्या म्हणाल्या.

या युक्तिवादाचं उत्तर आम्हाला ट्रेनिंग कॉलेजात शिकवलं नव्हतं.

त्यांचे यजमान पंढरी म्हणजे चाकाचे राजे. मातीचा गोळा चाकावर आपटला, की बघता बघता तो उभा राहायचा आणि गळा काढून मोकळा व्हायचा. माणूस अबोल, पण हाताचा फार गोड. सदुसष्ट सालच्या श्रावणात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, पाय ओढत चालायला लागले, बोलणं जड झालं. चाक ओसरीत तसंच राहिलं. पंढरींची खाट समोरच होती. रोज सकाळी सुगंधाबाई हळदकुंकू-अक्षतांचं तबक त्यांच्यापुढे धरायच्या आणि ते बसल्या जागेवरून डाव्या हातानं चाकाकडे दोन अक्षता टाकायचे. मी ते एकदा पाहिलं आणि पुन्हा त्या वेळेला तिकडे गेले नाही. बघवत नव्हतं.

दोन्ही मुली लग्न होऊन सफाळ्याकडे. घरात मुलगा नाही. दिवाळीत पंढरींचा धाकटा भाऊ चंद्रभान पालघरहून आला. त्याचंही चाक होतं, दोन जवान मुलगे होते. नवरात्राचे घट त्यानंच पाठवून भावाच्या घराची अब्रू राखली होती. माणूस वाईट नव्हता. मला तो अजिबात आवडला नाही, ही गोष्ट वेगळी.

"दादा, चाक असं निजलेलं बरं नाय," तो खाटेजवळ बसून म्हणाला. "घरात फिरवनारा नसंल तं चाक फिरत्या घरात द्यावं, अशी रीत हाय. संक्रांतीपातूर बगतो. संक्रांतीला या घरची सुगडं गावात गेली तं ठीक. नाय तं चाक मी नेतो, आन गावकी पन."

गावकी म्हणजे बोईसरला आणि भोवतालच्या पाड्यांना सणाकार्याची मडकी पुरवण्याचा मान. लग्नाचे घट, अक्षय्य तृतीयेचे करे, नवरात्राचे घट आणि संक्रांतीची सुगडं. तीन पिढ्या तो या घराकडे होता.

चंद्रभान गेल्यावर मी शहाणपण शिकवायला गेले. म्हटलं, जाऊ द्या ना गावकी. तुम्ही चुली सुरेख करता. घरोघरी मातीच्या चुली, गिऱ्हाईकाला तोटा नाही.

"चुली काय, कुनीबी थापतं," सुगंधाबाई म्हणाल्या. "लगीन असलं का घरचा मानूस दारात येतो, सुपारी देतो, 'कुंभारीनबाय, घट घेऊन या' बोलतो. मी दारात पोचल्याबिगर मांडवात काय हालत नाय. ती गावकी गेली, तं मी कोन? पंढरीची लुळ्याची बायको." आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. इतकी भांडखोर बाई रडताना मी पहिल्यांदा पाहिली.

त्याच सुमारास अमेरिकन मॅडमचं खोकं आलं. अणुकेंद्राच्या कामावर अमेरिकन इंजिनियर आले होते, त्यांतल्या एकाची बायको मिसेस विल्बर. त्यांना स्वयंपाकीणबाईशी बोलता यावं म्हणून मराठी शिकायचं होतं, आणि यजमानांच्या ओळखीनं ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं. दर रविवारी मी त्यांच्या कॉलनीत जायचे. बोटीनं आलेल्या त्या खोक्यात त्यांच्या वडिलांनी फार पूर्वी मेक्सिकोत घेतलेलं एक मातीचं भांडं होतं, आणि वाटेत त्याचे तुकडे झाले होते. मॅडम रडवेल्या झाल्या होत्या. इथं कोणी कुंभार आहे का, जोडून देईल का, असं त्यांनी विचारलं. मी पुढच्या रविवारी सुगंधाबाईंना घेऊन गेले.

तुकडे व्हरांड्यात चटईवर मांडले होते. लाल, गुळगुळीत, चकाकणारी माती. जुळवून पाहिलं की एक भोपळा दिसायचा, अंगावर फुगीर फाका असलेला, आणि खाली तीन राघू. त्या राघूंच्या माना म्हणजेच भांड्याचे पाय. मॅडमनी एक जाड पुस्तक आणून त्याच मुलखातली आणखी भांडी दाखवली. लठ्ठ कुत्रं होतं, त्याच्या शेपटीतून पाणी ओतायचं. बदक होतं, खेकडा होता, शंख होता. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची.

सुगंधाबाईंनी चित्रांकडे धड पाहिलंच नाही. त्यांनी एक मोठा तुकडा उचलला, पालथा केला आणि आतून अंगठा फिरवला. मग दुसरा घेतला. मग तिसरा.

"जोडता येईल का?" मी विचारलं.

"भाजली माती पुन्ना माती होत नाय," त्या तुटकपणे म्हणाल्या. "पन बाई, ह्याला चाक नाय. चाकाच्या मडक्यात आतून रेगा लागतात बोटांच्या, गोल गोल वर जानाऱ्या. हितं बगा. नुसतं दाबलंय."

मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, त्या देशात कुंभाराचं चाक नव्हतंच. मातीच्या वळ्या करून एकीवर एक चढवायच्या आणि हातानं दाबत जायचं, कधी साच्यात थापायचं. सगळा मुलूख तशाच भांड्यांत रांधत होता आणि तशाच भांड्यांत पाणी भरत होता.

मी मराठीत सांगितलं आणि सुगंधाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मी काहीतरी चुकीचं सांगतेय असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मला तेच पुन्हा सांगायला लावलं.

मॅडम पुस्तकात बोट दाखवत पुढे बोलत होत्या. यातली पुष्कळ भांडी थडग्यांत सापडली. मेलेल्या माणसाला वाटेत खायला-प्यायला म्हणून त्याच्याबरोबर ठेवायचे. मी यांत्रिकपणे तेही मराठीत सांगून टाकलं. सुगंधाबाईंनी हातातला तुकडा विस्तव असल्यासारखा चटईवर टाकला.

"मेल्याचं मडकं? आदी सांगायचं ना!"

मर्तिकाचं मडकं कुंभाराच्या दारातून जातं ते कायमचं, ते पुन्हा उंबऱ्याच्या आत येत नाही. बाई उठल्या, नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि चपला घालू लागल्या. मॅडमनी आठवण म्हणून एक छोटा तुकडा द्यायला हात पुढे केला, तर त्या दोन पावलं मागे सरल्या. बिचाऱ्या मॅडम गोऱ्यामोऱ्या झाल्या. मी मनात म्हटलं, झाली शोभा.

पायरी उतरून सुगंधाबाई थांबल्या. परत आल्या, चटईशी बसल्या आणि एका तुकड्याच्या आतल्या खळग्यात त्यांनी आपला अंगठा ठेवला. तो नीट बसला.

"मेली ती मेली," त्या म्हणाल्या. "हात काय मेला नाय तिचा."

"ती?"

"अंगठा बारीक हाय. बाई असंल."

मॅडम म्हणाल्या, ते कोणालाच ठाऊक नाही.

"तुमाला नसंल ठावं," सुगंधाबाई म्हणाल्या. हे मी इंग्रजीत सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी माती कालवली. हातानं मोठं काही रचणं त्यांना नवं नव्हतं; भाताच्या कोठ्या त्यांनी वळ्यांनी रचल्या होत्या. पण कोठी कोपऱ्यात उभी राहते, तिच्याकडे कोण निरखून बघतं? सुगड पाटावर बसतं, त्याला सवाष्ण हळदकुंकू लावते. ते वाकडं चालत नाही. आणि हातानं केलेलं प्रत्येक सुगड वाकडं होत होतं. कुठं पोट सुटलेलं, कुठं गळा कललेला. मी ताटली धरून काठ कापा म्हटलं, दोरीनं मापा म्हटलं. माझ्या सूचनांनी ती आणखी बिघडली. पंढरींनी खाटेवरून एकदा नजर टाकली, "भातुकली" एवढा एकच शब्द जड जिभेनं म्हटला आणि भिंतीकडे तोंड केलं.

बाईंनी हातातलं सुगड अंगणात भिरकावलं. मग तशाच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, नवऱ्याला काय बोलावं ते शोधत असाव्यात. शेजारी आमच्या छपरावर वेल वाळून गेला होता आणि लाल भोपळे तेवढे राहिले होते.

"बाई," त्या म्हणाल्या, "यो बगा. यो तरी कुटं गोल हाय?"

नव्हता. एका अंगाला बसका होता, फाका लहानमोठ्या होत्या.

"आन याला वाकडा कोन बोलतं?"

त्या दिवसापासून त्यांनी गोल सुगड करणं सोडून दिलं. वळ्या चढवायच्या, दाबायच्या, आणि बांबूच्या कामटीच्या धारेनं खालून वर खाचा ओढायच्या, की भोपळा तयार. खाचांमुळे कडा ताठ राहायच्या आणि वाकडेपणा भोपळ्याचा होऊन जायचा. मग वरून जवळच्या दांडी गावच्या किनाऱ्यावरचा गुळगुळीत गोटा घासायचा. सुकल्यावर ती सुगडं उन्हात अशी दिसायची, की हात लावल्याशिवाय राहवत नसे. पुढे सीताफळाचं एक झालं, डोळ्याडोळ्यांचं. खेकड्याचं एक झालं, ते मी माझ्यासाठी मागून घेतलं.

मी तेव्हा पुष्कळ विचार करायचे. त्या दूरच्या देशातल्या माणसांनी भोपळे आणि बदकं आणि खेकडे का केले असतील? पुस्तकात त्याची मोठमोठी कारणं दिली होती, ती खरीही असतील. पण मला वाटतं, चाक माणसाला गोल शिकवतं आणि मग गोल सोडून बाकी सगळं त्याला चूक वाटायला लागतं. नुसता हात असला, की जगात जे आहे ते सगळं भांडं होऊ शकतं. मी काही विदुषी नाही, त्यामुळे हे कुठं छापून आलेलं नाही. तरी मला ते पटतं.

पहिला आवा फुटला. वळ्यांच्या सांध्यांत हवा राहिली होती, निम्मी सुगडं तडकली. आवाज आळीभर ऐकू गेला आणि आळीला जे हवं होतं ते मिळालं. बाई चाकाला शिवली! नवरा लुळा, बघतंय कोण? संध्याकाळपर्यंत दारात बायकापुरुष जमले. सुगंधाबाई राखेत बसून खापऱ्या वेचत होत्या. मला संताप आला. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून पाय ओढल्याचा आवाज आला. पंढरी भिंतीला धरून दारात उभे होते.

"मी... बगतो," ते म्हणाले. शब्द काढताना मान ताणली जात होती. "रातदिस चाकासमोर मीच हाय. शिवली नाय."

एवढं बोलून ते परत खाटेवर गेले. लोक पांगले. सुगंधाबाईंनी खापऱ्यांतून मान वर केली नाही, पण हात थांबले होते.

दुसऱ्या खेपेला त्यांनी सांधे ओल्या बोटांनी पुन्हा पुन्हा दाबले, सुगडं जास्त दिवस सावलीत सुकवली. तो आवा चांगला उतरला.

भोगीच्या सकाळी सुगंधाबाई ओट्यावर पेंढा पसरून त्यावर सुगडं मांडून बसल्या. बायका आल्या. बघितलं, उचललं, ठेवलं. दोन-तीन सुगडांना त्यांनी हौसेनं राघूंचे पाय केले होते, त्यांच्याकडे पाहून एक म्हणाली, "पाय असलेलं सुगड? लक्ष्मी घेऊन चालायला लागंल!" सगळ्या हसल्या. सुगंधाबाईंनी मुकाट्यानं ती मागे सरकवली. काही जणी रिकाम्या हातानं परत गेल्या, कारण आळीच्या तोंडाशी चंद्रभानची गाडी येऊन उभी राहिली होती, आणि गाडीत पेंढ्यात पालघरची सुगडं होती. एकसारखी, गरगरीत गोल.

मग रत्नाबाई आल्या. पोलीसपाटलांच्या आई, त्या काय घेतात ते बघून अर्धं गाव घ्यायचं. त्यांनी भोपळ्याचं सुगड कानाशी धरून टिचकी मारली. खणखणीत वाजलं.

"ह्याच्यात बोरं, हरभरे मावतील ना गो?"

"मावतील."

"गळत नाय?"

"नाय."

"मंग पाच दे." आणि पाची सुगडं टोपलीत ठेवताना त्या म्हणाल्या, "गावकीचं सुगड गावकीच्या घरनंच घेतात. आता तुजी गावकी भोपळ्याची, त्याला आमी काय करनार?"

अर्ध्याहून जास्त सुगडं गेली. सगळी नाही. चंद्रभान गाडीला टेकून हे बघत होता. शेवटी तो ओट्याशी आला, एक सुगड उचललं आणि आत बोट घालून फिरवलं. रेघा नव्हत्या.

"वैनी, तुमी शिवल्या नाय, ह्ये खरं. कामबी झ्याक हाय," तो म्हणाला. "पन चाक फिरलं नाय. फिरत्या चाकाबिगर गावकी, असं आपल्या जातीत कदी झालंय का? मी काय बोलनार पंचांना?"

सुगंधाबाईंनी उरलेलं एक सुगड उचलून पेंढ्यावर नीट बसवलं. त्याचं बोलणं त्याच्या रीतीप्रमाणे बरोबर होतं.

पंढरी दारात येऊन बसले होते. त्यांनी डावा हात वर केला.

"चाक... ने," ते म्हणाले.

सुगंधाबाईंचा चेहरा मी विसरणार नाही. बाई जागच्या जागी विझली. एवढे दिवस राबून, आळीचं ऐकून घेऊन, शेवटी घरच्याच माणसानं हात वर केले.

चंद्रभाननं दोन्ही मुलांना बोलावलं. ते चाक उचलायला ओसरीवर चढले.

"चाक ने," पंढरी पुन्हा म्हणाले. श्वास घेतला. "गाव... तिचं. पंचांना बोल, पंढरीनं सांगितलं. फिरवनारा मी होतो. मी बोलतो, ह्या घराला आता चाक नको."

चंद्रभान वाकून भावाच्या पाया पडला. मुलांनी चाक उचलून गाडीत ठेवलं. पंढरींनी तिकडे पाहिलं नाही. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसत नव्हते. मलाही रडू आलं, ते सांगायला मला लाज वाटत नाही.

गाडी गेली. ओसरीत चाकाच्या जागी खळगा आणि वाळलेल्या चिखलाचं कडं तेवढं राहिलं. पंढरी पाय ओढत तिथं गेले, भिंतीला टेकून खाली बसले आणि डावा हात बायकोपुढे पसरला.

"गोळा दे. दाखव... कसं करतेस."

बोईसर-पालघरच्या पट्ट्यात ज्या माणसाच्या चाकाची बरोबरी कोणी करत नव्हतं, तो हे बायकोला म्हणत होता. मला वाटलं, आता सुगंधाबाई कोसळणार. पण त्यांनी पदरानं तोंड खसाखसा पुसलं, कोपऱ्यातली न चाळलेल्या मातीची पाटी ओढत आणली आणि त्यांच्या मांडीशी आदळली.

"आदी खडे वेचा," त्या म्हणाल्या. "तुमच्या आयनं मला वरीसभर त्येच करायला लावलं व्हतं."

पंढरी अर्ध्या तोंडानं हसले. त्यांनी डाव्या हातानं माती चाचपली, एक खडा शोधून काढला, तो नीट बघितला आणि बाजूला ठेवला.